जागा न बघता घेतलेली सुपारी

निवृत्तीनंतर बरेच तपास धूसर झाले. हा एक मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. यात्रांचा हंगाम. सकाळीच एका गावची यात्रा कमिटी तक्रार घेऊन आली. एका तमाशा फडाच्या मॅनेजरने म्हणे त्यांच्याकडून आजच्या कार्यक्रमाची सुपारी, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती. आणि फड तर आज शिराळ्याजवळच्या गावात लागणार होता. मॅनेजर पुढे शिराळ्याकडे गेलेला, म्हणून मी फडाच्या साठीच्या मालकीणबाईंना मुक्कामावरून आणवले आणि स्टेशन डायरीत नोंद न करता दिवसभर बसवून ठेवले. हे बेकायदा होते आणि मला ते माहीत होते.

मी पैशांचेच विचारत राहिलो. त्या म्हणत, "आवं सायेब, आज पडदा उघडला न्हाई तर म्होरल्या समद्या सुपाऱ्या मोडत्याल. पन्नास माणसं हाईत फडात."

शेवटी वैतागून त्यांनीच सांगितले, "कमिटीला इचारा, पैसं घेणाऱ्यानं जागा बघितली का? गाड्या कुठं वळत्याल, बायकांनी कपडे कुठं बदलायचं, पाणी कुठं, हे बघितल्याबिगर आमचा मॅनेजर सुपारीला हात लावत न्हाई."

कमिटीचा सेक्रेटरी डोके खाजवू लागला. "न्हाई सायेब. एसटी स्टँडावरच पैसं घेतलं अन् गेला. आमी म्हटलं, लय बिझी माणूस!"

"बिझी व्हय! लगीन तरी पोरगी बघून केलंस का रं?" बाई कडाडल्या. हवालदारही हसला.

म्हणजे पैसे नेणारा तोतया होता. सेक्रेटरीकडून त्याला फोन करवला: पाहुण्यांच्या गावालाही फड हवाय, आजच या. चारच्या सुमारास तो स्टँडवर आला. साध्या कपड्यांत मी पाहुणा झालो.

"जागा बघायला चला की."

"जागा कशाला? तुमी पैसं काढा."

तिथेच धरला. कुपवाडच्या ज्या छापखान्यात फडाची पोस्टर्स छापली जात, तिथला तो कामगार. पिशवीत फडाचे कोरे लेटरपॅड सापडले. ठाण्यात बाई समोर दिसताच त्याने सगळे कबूल केले.

बाईंना मी स्वतः जीपने शिराळ्याकडे नेले. ढोलकी घुमत होती. त्या मंचावर उभ्या राहिल्या आणि मैदान शिट्ट्यांनी दणाणले. त्या हंगामात एकही सुपारी मोडली नाही. फसलेल्या कमिटीने तर पुढच्या वर्षाची सुपारी आधी जागा दाखवून दिली.

मला प्रशस्तिपत्र मिळाले: 'कसून चौकशी करून आरोपीस जेरबंद केले.' कसून चौकशी मी एका निर्दोष बाईची केली होती. कुणाच्या धंद्यात शिरायचे तर तो कसा चालतो हे आधी त्यालाच विचारावे, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढे अनेक गुन्हे त्यावरच उघडकीस आणले. बाईंची माफी मात्र मागितली नाही. ती आज मागतो, आणि हेही लिहून ठेवतो की तो तपास त्यांनी लावला.