काडी लावून पारखलेला माल

माझे बाबा तेल्हाऱ्याचे कापूसवाले. कापड घ्यायचं म्हटलं की आधी एक धागा ओढणार आणि त्याला काडी लावणार. राख झाली तर सुती. गाठ झाली तर दुकानदाराची खैर नाही. माझ्या लग्नाच्या शालूचाही एक धागा या परीक्षेत खर्ची पडला.

मला दिवस गेले तसे बाबांनी शेततळ्यात रोहू सोडले. लेक बाळंतपणाला येणार, तिला घरचीच मासोळी खाऊ घालायची, एवढाच ध्यास. पाण्यात काही टांगलं की त्यावर शेवाळ धरतं आणि ते मासे खातात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग अकोल्याच्या भंगारवाल्याकडून जुन्या गाड्यांच्या सीटचा फोम आला आणि दोरांना लोंबकळला.

सातव्या महिन्यात मी अमरावतीहून माहेरी गेले, तर बाबांनी घरात टेकूही दिलं नाही. थेट तळ्यावर. भंगारवाल्याच्या अख्ख्या ढिगाला काड्या लावून पाहिल्या म्हणे, आणि जो पेटला नाही तेवढाच उचलला.

"पेटत नाई म्हणजे माल पक्का, बाई."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मला आधी हसूच आलं. एवढ्या ढिगातून या माणसाने नेमका नको तोच फोम वेचून आणला होता.

"बाबा, पेटू नये म्हणून त्याच्यात रसायन टाकते. ते पाण्यात उतरते, मासोईच्या चरबीत साचते. अन् मी खाल्ली तं माह्या दुधात येते."

आधी बाबांनी वाद घातला. आग विझवणारं औषध पोटात गेलं तर जळजळच कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली आणि ते धोतर खोचून तळ्यात उतरले. संध्याकाळपर्यंत सगळा फोम बाहेर निघाला. जाळून टाकतो म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

त्या रात्री आईने पिठलं केलं. तळ्यातल्या मासोळ्या बाबांनी पुढे गावातही कुणाला दिल्या नाहीत. म्हातारा चिक्कू आहे, असं गावभर झालं. बाबांनी ते निमूट ऐकून घेतलं. मला फार वाईट वाटलं.

मुलगी झाली तेव्हा बाबा घरच्या कापसाची छोटीशी गादी घेऊन आले. कोपऱ्यात काळं भोक होतं. नव्या गादीची ही दशा पाहून आई चिडली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नातीला गादीवर ठेवत मला म्हणाले,

"पेटते. पाहून घेतलं."