आत्याबाई आणि कोकराचा चीक

मेंढी व्यायली की माझ्या सासूबाई हातातलं काम टाकून गोठ्याकडे पळायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. कोकरू अजून ओलं, लटपटतं असायचं. त्या गुडघ्यावर बसून त्याचं तोंड आईच्या सडाला लावायच्या. एखादी पहिलटकरीण मेंढी लाथ मारायची, तेव्हा तिला म्हणायच्या, "पोर तुजं हाय का माजं? ऱ्हा उभी गुमान." ते पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, कोकराच्या पोटात गेल्याशिवाय त्या पाण्यालाही शिवायच्या नाहीत. "चीक गेला की कोकरू निम्मं जगलं," असं म्हणायच्या.

सणसरला आमची वस्ती. घरात पूर्वी मोठा कळप होता. मी लग्न होऊन आले तोवर रानात ऊस आला होता आणि थोडी मेंढरं तेवढी आत्याबाईंच्या हट्टानं राहिली होती. मी फार बोलत नाही. त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, "ही बया त्वांड माहेरी इसरून आली." पण सगळ्यांना वाढून झालं की त्याच मला बळंच भाकरी वाढायच्या, आणि मी पुरे म्हणत नाही म्हणून वाढतच राहायच्या.

मला पहिला मुलगा झाला तो घरीच. कारखान्याचा हंगाम जोरात होता, ह्यांचे दिवस उसाच्या गाडीवर जात होते. बाळाची नाळ आत्याबाईंनीच कापली. माझं पहिलं दूध त्यांनी पिळून चुलीतल्या राखेवर टाकलं. "नऊ म्हैनं साठल्यालं नासकं दूध ते. लेकराला पचायचं न्हाय." बाळाला पहिले तीन दिवस कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी आणि शेळीचं दूध दिलं. आमच्याकडे सगळ्या बायका असंच करायच्या. माझ्या आईनंही हेच केलं असतं.

पाचवी पुजून झाली आणि बाळ शांत झालं. रडेना. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "आईवर गेलाय. गुणी हाय." दुसऱ्या दिवशी ते अंगावर प्यायला तोंडच उघडेना. त्यांनी कपाळाला, पोटाला हात लावून पाहिला. "ताप न्हाय. मग भ्या न्हाय." पण त्याचे पाय गार लागत होते. त्यांनी घोंगडीत गुंडाळलं, शेगडी आणली. पाय गारच राहिले. संध्याकाळी हे आले, त्यांनी बाळाकडं एकदा बघितलं आणि जीप बोलावली.

बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरांनी बाळाला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं, सुया लावल्या.

"ताप न्हाय ओ त्याला," आत्याबाई सांगत होत्या. "म्या सारका हात लावून बघितला."

"एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या माणसाचं अंग रोगाशी झुंजतं म्हणून तापतं. ह्याच्या अंगाला अजून पुरतं झुंजता येत नाही. रक्तात जंतू शिरले की असं बाळ उलट गारही पडतं. पीत नाही, रडत नाही." मग त्यांनी विचारलं, "आईचं दूध कधी पाजलं?"

आत्याबाईंनी सगळं सरळ सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "त्या पहिल्या दुधात आईची ताकद असते. बाळाची स्वतःची तयार होईपर्यंत तीच कामाला येते."

"मंजी चीकच की," आत्याबाई म्हणाल्या.

"चीकच. पण तेवढ्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. जंतू नाळेतूनही जातात. आणि कधी सगळं नीट करूनही होतं."

पुढचं आत्याबाईंनी ऐकलं की नाही, माहीत नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्या म्हणाल्या, "माजी पयली दोघंबी अशीच गार पडली हुती. सासू म्हनली, सटवाईनं न्हेली."

डॉक्टर बाहेर आले की त्या उठून उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी लुगड्याचा पदर सारून हात पुढं केला. "माजं रगात घ्या. म्या कदी आजारी पडल्याली न्हाय. समदी ताकद त्येला घाला." डॉक्टरांनी तो हात धरून त्यांना खाली बसवलं. तसं देता येत नाही, म्हणाले. माझं दूध आता नळीनं देत होते. ते पोटात राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. त्याचं बारसंही झालं नव्हतं. जीपमध्ये ते आत्याबाईंच्या मांडीवर होतं. भवानीनगरजवळ उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. आम्ही तिथं बसून राहिलो.

त्यानंतर त्या माझ्या मागं लागल्या. भाकरी थापताना, रानात खुरपताना मध्येच म्हणायच्या, "बोल की मला काय तरी. शिव्या दे." मी काय बोलणार होते? मला राग शोधूनही सापडत नव्हता. त्यांनी ज्या हातानं दूध टाकलं, त्याच हातानं जीप येईपर्यंत त्याचे पाय चोळले होते. पुढं मुलगी झाली तेव्हा त्या खोलीत आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर बसून विचारत राहिल्या, "घेतलं का गं तिनं? ओढती का?" मी आतून "हो" म्हणाले, तरी पुन्हा विचारायच्या.

शेवटच्या आजारात त्यांना अन्न जाईना. मी पेज भरवायला बसले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला ताप लागत होता.

"आता तरी बोल गं. मी चालले."

मी चमचा तसाच धरून बसले. ओठ हलले असतील माझे, पण आवाज आला नाही. त्या खूप वेळ माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"न्हाय बोलायचीस तू," त्या म्हणाल्या आणि घास घेतला.