अपेंडिक्स म्हणून सांगू

"लग्न झालंय?" सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी आधी हे विचारलं. पडद्यावर काय दिसतं ते नंतर सांगितलं. उजव्या ओव्हरीवर सिस्ट होती. ओव्हरी म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंना असणाऱ्या बदामाएवढ्या ग्रंथी; तिथे स्त्रीबीज तयार होतं. सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली गाठ. माझी मोसंबीएवढी झाली होती.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "वजनाने ओव्हरी पिळली जाते. मग तिचं रक्तच बंद. आत्ता नुसती गाठ काढून ओव्हरी वाचवता येईल. इथेच ॲडमिट व्हा."

हे चंद्रपुरात. मी आरोग्य हक्काच्या मोहिमेत काम करते. पोंभुर्ण्याकडच्या गावांत पत्रकं वाटते : बाईचं दुखणं ही लपवायची गोष्ट नाही. मी ॲडमिट व्हायला तयार होते. आई नव्हती.

"इथी नाई," ती दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाली. "अर्धा स्टाफ आपल्या नात्यातला. उद्या बुद्धविहारात सगळ्याइले माहीत होईन. लग्नाची पोरगी हायेस तू."

"आजार हाय माय, चोरी नाई केली."

"ब्रह्मपुरीले जाऊ. तिथी आपल्याले कोणी ओळखत नाई. अपेंडिक्स म्हणून सांगू."

मामांचंही तेच. मामा मास्तर आहेत. त्यांनी स्वतःच्या हर्नियाचं ऑपरेशन चंद्रपुरातच करून घेतलं होतं आणि भेटायला येणाऱ्यांना टाके दाखवत होते. पण ऑपरेशनला सोबत घरचं माणूस लागतं, आणि घरची माणसं अडून बसली होती. ब्रह्मपुरीच्या सर्जनची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर मी घरी पडून होते.

निघालो त्या दिवशी सिंदेवाहीच्या पुढे, जीपमध्येच, पोटात कोणी ओलं लुगडं पिळावं तसं झालं. उलट्या सुरू झाल्या. ब्रह्मपुरीला पोचल्याबरोबर मला आत घेतलं.

शुद्धीवर आले तेव्हा आई बाजूच्या खाटेवरच्या बाईच्या सासूला सांगत होती, "पोरीचं अपेंडिक्स."

"आमचीचंबी तेच," सासू म्हणाली.

सलाईन बदलणाऱ्या नर्सबाई थांबल्या. "काऊन माय, या वार्डात सगळ्याइले अपेंडिक्सच होते काय? मंग बायकांचा डॉक्टर कशाले ठेवला?"

तेवढ्यात सर्जन राउंडला आले.

"ओव्हरी पिळली होती. काळी पडली होती. पीळ सोडवून पाहिला, रक्त परत आलं नाही. काढावी लागली. दुसरी चांगली आहे."

"आठवडाभर आधी आले असते तर?" मी विचारलं.

"बहुतेक नुसती गाठ काढली असती."

आईने पदर तोंडाला लावला.

गाठीचा रिपोर्ट साधा आला, कॅन्सर नव्हता. घरी परतल्यावर विहारातल्या बायका भेटायला आल्या. आईने सुरुवात केली, "अपेंडिक्सचं..."

"ओव्हरी काढली," मी म्हटलं. "गाठ होती. उशीर केला म्हणून गेली."

आई उठून चुलीकडे गेली. बायका चहा पिऊन उठल्या. शेजारच्या काकू मात्र दारातून परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या सुनेचंबी लई दिवसाचं दुखून राह्यलं. कोणाले सांगितलं नाई. कुठी नेऊ?"

मी उत्तर द्यायच्या आत चुलीजवळून आईचा आवाज आला.

"चंद्रपूरलेच ने बाई. जवळ पडते."