खंडेनवमीचा विसावा

कुरकुंभच्या कंपनीत आमचं काम पेशी वाढवायचं. पूर्वी माणसाच्या पेशींखाली उंदराच्या पेशी अंथरायच्या आणि त्यांना वासराच्या रक्तातला द्रव पाजायचा. आता प्राण्याचा अंशही नसलेली, खास थर दिलेली बशी आली आहे. ऊब असेपर्यंत पेशी तिला धरून बसतात, गारवा लागला की सुटतात. पुरता पापुद्रा धरला की आपणच बशी गार करायची आणि तो अलगद उचलून डोळ्यावर लावायचा.

त्या वेळी बशीत माझ्या वडिलांच्या पेशी होत्या. निमोण्याला आमच्या मळ्यात डाळिंबावर मारायचं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, कालवताना चुना उडाला आणि आप्पांचा उजवा डोळा गेला. दवाखान्यानं डाव्या डोळ्याच्या कडेचा कण काढून आमच्याकडे पाठवला. आप्पा माळकरी. उंदीर-वासरू काही नाही म्हटल्यावरच तयार झाले, तेही माझं डोकं खाऊन.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रं पुसून पूजा झाली, झेंडूचे हार चढले. मेंटेनन्सच्या मामांनी आप्पांच्या डोळ्यासाठी वेगळा नारळ फोडला. जाताना त्यांनी आमच्या खोलीचं मेन स्विच खाली ओढलं. पूजेनंतर यंत्र चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा, हे त्यांनी हयातभर पाळलेलं. पेशींचं उबदार कपाट हेही त्यांच्या लेखी यंत्रच. धोक्याची घंटाही त्याच लाइनवर होती.

दसऱ्याच्या सकाळी मी गेले तर पेशी सुटून तरंगत होत्या, अर्धवट, फाटक्या. मी बशी टाकून दिली, हात धुतले, दौंडला येऊन चहा प्यायले. रडू येईल म्हणून थांबले, आलं नाही. डॉक्टरांना फोन केला. चांगल्या डोळ्याला पुन्हा हात लावायला ते तयार नव्हते.

निमोण्याला घरी जाऊन सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, “आपुन तरी त्या दिशी ट्रॅक्टरला कुठं हात लावतो? त्यांनी त्यांचं केलं.”

संध्याकाळी मामा एवढ्या लांब गाडीवर आले. आप्पांच्या उजव्या बाजूला उभं राहून त्यांनी सोनं पुढं केलं. आप्पा समोरच बघत राहिले. मामांना वाटलं, रागावलेत. त्यांचा हात मागं जायला लागला. मी आप्पांचं मनगट धरलं आणि त्या पानांपर्यंत नेलं.