धोट्याची जाळी

त्या वर्षांत मी सोलापुरात वैद्यकीयच्या मुलांना रोगप्रतिबंध शिकवत असे. देवी, पटकी, विहिरीत औषध टाकणं, एवढं मुलं घोकत. अपघात कसे टाळावेत हा तास आला की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होत. "सर, अपघात हा काय रोग आहे का?" एकाने विचारलंच.

म्हणून मी डोळ्यांच्या वॉर्डातून एका विणकराला वर्गात आणलं. यंत्रमागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लोखंडी टोकाचा धोटा उडून त्याच्या उजव्या डोळ्यात बसला होता. डोळा काढावा लागला. पट्टी बांधलेला तो माणूस भरल्या वर्गासमोर हात जोडून उभा राहिला.

"धोटा अडवायला मागाला जाळी नव्हती?"

तो खाली बघत राहिला. परत विचारलं तेव्हा म्हणाला, "हायत की साहेब. खोलीत ठेवल्यात. तपासणीवाले आले की लावतात. जाळी असली की तुटलेलं सूत जोडायला येळ लागतो, कापड कमी निघतं."

"मग मालकाला बोलला नाहीत?"

तो नुसता हसला.

मुलं आता ताठ बसून लिहून घेत होती. मला फार बरं वाटलं. त्याच भरात मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. पत्रात विणकराचं नाव घातलं. त्याला विचारलं नाही.

तपासनीस जाऊन आले, जाळ्या लागल्या. वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी बाकं वाजवली.

पुढे तो विणकर डोळा दाखवायला आला नाही, म्हणून दोन विद्यार्थ्यांना घेऊन त्याच्या घरी गेलो. तो उंबऱ्यावर बसला होता. बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मालकाने त्याला परत घेतलं नव्हतं आणि तक्रारीची गोष्ट आजूबाजूच्या कारखान्यांतही पोचली होती.

"एका डोळ्यानं पन माग चालवतो मी," तो म्हणाला. "कोन उभंच करून घेईना."

बायको तेलुगूत काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?"

"काही नाही, साहेब."

मग तीच मराठीत म्हणाली, "डोळा मशीननं नेला. काम कुनी नेलं?"

विद्यार्थी माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो. त्याने चहा मागवला. "डॉक्टर, जाळ्या पाहिजे होत्या, लावल्या. आता माणूस कुठला ठेवायचा तेही तुम्हीच सांगणार?"

काही दिवसांनी विणकर भिवंडीला गेल्याचं कळलं.

पुढच्या तुकडीला तो कारखाना दाखवायला नेलं, तेव्हा जाळ्या जागेवर होत्या. परत आल्यावर मी मुलांना सगळं सांगितलं आणि बजावलं, की रुग्णाचं बोलणं बाहेर नेण्याआधी त्याला विचारा.

एक मुलगी उभी राहिली. "सर, तो नको म्हणाला असता तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं? मग बाकीच्यांच्या डोळ्यांचं काय?"

त्या दिवशी मी तास लवकर सोडला.