बाने शेंडे खुडलेली चाळीस झाडं

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा श्रावण. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. मुळासकट, फुलासकट चाळीस रानझाडं वाळवून, कागदावर चिकटवून वही द्यायची होती. वही नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि वर्ष बुडालं की आत्या खालापूरचं स्थळ घेऊन टपलेलीच होती.

नेमका मला हिवताप आला. बा, म्हणजे माझा बाप नागू, कर्जतजवळच्या आमच्या गावात भातशेती करायचा. शाळेची पायरी कधी चढला नव्हता. "बा, तूच आण ना झाडं," म्हणून मी गोधडीत शिरले.

बिचारा दिवसभर माथेरानच्या पायथ्याला भिजला आणि संध्याकाळी चाळीस झाडं माझ्यासमोर ठेवली. मुळं स्वच्छ धुतलेली, मुठीएवढ्या जुड्या बांधलेल्या आणि शेंडे खुडलेले! लावणीआधी भाताच्या रोपांचे खुडतात ना, अगदी तसे. शेंड्यांबरोबर फुलंही गेली.

"फुलं कुठायत?" मी किंचाळले.

"शेंडं नाय खुडलं तर झाडं जीव धरतील का गं? कालेजात लावणार ना तुमी?"

मी नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले त्याला, तोंडावर. आई गं, अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो जेवला आणि उठला.

माझा ताप उतरला तसा म्हणाला, "चल. जागा मी दावतो. उपटायची तू." तीन दिवस आम्ही बांध, ओहोळ, कातळ पालथे घातले. चिखलात मी रडकुंडीला आले, "तेवढं एक उपटून दे ना रं बा!" तर हा काठी टेकून आपला ढिम्म. "माझ्या हातानं एकदा वाटोळं झालं. आता नाय." पण कुठलं झाड सावलीत येतं, कुठल्याला गुरं तोंड लावत नाहीत, हे चालता चालता सांगत होता. आज मी स्वतः शिकवते, पण मला इतकं नीट कुणी शिकवलं नाही. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

वही तपासताना सर एकेक झाड दाखवून ते कुठं वाढतं ते विचारत होते. माझ्या आधीच्या तिघींची तोंडं शिवलेली, कारण त्यांच्या वह्या वडिलांनी माणूस लावून करून घेतलेल्या. मी घडाघडा बोलत सुटले. पुस्तकात नसलेलं ऐकून सरांना संशय आला.

"तुला कोणी मदत केली?"

"बाने."

"काय काय केलं त्यांनी?"

"तीन दिवस माझ्याबरोबर हिंडला, सर. एकाही झाडाला हात लावला नाही."