कडुबानं सोडलेला नंबर

कडुबा मूळचा दौलताबादकडचा. घरी मेंढरं होती. एका दुष्काळात चाराही संपला आणि पाणीही, तेव्हा कळप विकून तो शहरात आला आणि देवळाईतल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. त्याला अकरा वर्षं झाली. समोरच्या माळावर त्याच्या डोळ्यांदेखत इमारती उठल्या, नळाला पाणी मात्र आलं नाही. उन्हाळाभर टँकर.

यंदा पुन्हा दुष्काळ. त्यातच सोसायटीचे चेअरमन अनंतराव यांनी ठरवलं, की वॉचमन धरून दहा जणांनी सीपीआर शिकायचं. म्हणजे कुणाचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून त्याला कसं जगवायचं, ते. आधी मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग रविवारी हॉलमध्ये रबरी बाहुल्यावर सराव. ते झालं की सर्टिफिकेट.

कडुबानं व्हिडिओ लावले आणि मोबाइल खुर्चीवर पालथा ठेवून तो गेटवर गाड्या बघत बसला. उत्तरं त्याला दुसऱ्या पाळीच्या पुंजारामनं सांगितली. रविवारी बाहुल्यापुढं गुडघे टेकून मोठ्यानं आकडे म्हणायचे होते. एवढ्या साहेबलोकांसमोर त्याला लाज वाटली.

"मला येतंय. माझा नंबर काकूंना द्या," तो म्हणाला.

काकू म्हणजे अनंतरावांच्या पत्नी भानुमतीबाई, सदुसष्ट वर्षांच्या. त्यांनी दोनदा सराव केला. गर्दीत कुणी तपासलं नाही. कडुबालाही सर्टिफिकेटचं कार्ड मिळालं. ते गळ्यात घालून तो हिंडायला लागला.

मे महिन्यात एका दुपारी टँकरचा ड्रायव्हर बद्रीनाथ हौदात पाइप सोडता सोडता कोसळला. हाकेला ओ नाही, श्वास नाही.

"कडुबाला बोलवा, त्याला येतं!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

कडुबा धावला, गुडघ्यांवर बसला, आणि त्याला काहीच आठवेना. तो बद्रीनाथचं पोट दाबायला लागला.

"अहो, पोट काय दाबताय? सरका!" आरडाओरडा ऐकून खाली आलेल्या भानुमतीबाई पदर खोचून तापल्या फरशीवर बसल्या. छातीच्या मधोमध तळहात टेकवून, मोजत मोजत त्यांनी दाबायला सुरुवात केली. दोनेक मिनिटांत त्यांना धाप लागली. "आता तुम्ही. इथंच, जोरात. मी मोजते."

त्यांच्या आकड्यांवर कडुबा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिला. बद्रीनाथ वाचला.

बाल्कनीतून बघणाऱ्यांना शेवटी कडुबाच दिसला होता, त्यामुळं नाव त्याचंच झालं. भानुमतीबाईंनीही ते खोडून काढलं नाही. सभेत अनंतरावांनी त्याच्या अंगावर शाल घातली, तशी ती त्यानं काढली.

"साहेब, ही माझी नाय. मी व्हिडिओ पाह्यलेच नाय. उत्तरं दुसऱ्याची लिहिली. काकू नसत्या तर ते माणूस माझ्या हाताखाली मेलं असतं."

पुंजारामचं नाव त्यानं घेतलं नाही. मागून कुणीतरी हसलं. "कार्ड काढून द्या," एवढंच अनंतराव म्हणाले.

गेटपर्यंत भानुमतीबाई त्याच्या मागोमाग आल्या. "येत नव्हतं तर तेव्हाच सांगायचंत ना. यात लाजायचं काय होतं?" कडुबाला मान वर करता येईना. त्यानंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला गेट उघडताना तो दुसरीकडंच बघायचा.

पुढची तुकडी ऑगस्टमध्ये होती. त्याआधी ड्युटी सुटल्यावर त्यानं एकेक व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, वहीत उतरवून घेतला. हॉलमध्ये पहिला नंबर त्यानंच लावला.

"याआधी कधी केलंय?" प्रशिक्षकानं विचारलं.

"व्हय. जित्या माणसावर. चुकीचं."

प्रशिक्षक हसला नाही. दोनदा त्यानं परत करायला लावलं. तिसऱ्यांदा कडुबा पास झाला.

बद्रीनाथ आता टँकर चालवत नाही. पण चौकात भेटला, की "तुमच्यामुळं हाय बाबा मी," म्हणत हात धरतो. कडुबा दर वेळी त्याला पोट दाबण्यापासून सगळं सांगायला बसतो. बद्रीनाथ ऐकून घेतो आणि चहा सांगतो. तो चहा कडुबाला अजून नीट जात नाही.